गाठीचा माग रक्तात

गेफिटिनिब हे फुप्फुसाच्या कर्करोगावरचं औषध बहुतेकांना लागू पडत नसे. मोजक्या रुग्णांच्या गाठी मात्र झपाट्याने आकसत. असं का, हे २००४ मध्ये बोस्टनमधल्या दोन गटांनी उलगडलं. त्या गाठींत ईजीएफआर या जनुकात बिघाड होता. पेशीला वाढायला सांगणारं बटण चालू स्थितीतच अडकलेलं, आणि औषध नेमकं तेच बंद करणारं!

तेव्हापासून नुसतं ‘कर्करोग आहे’ एवढं निदान अपुरं ठरतं. गाठीच्या तुकड्यात ईजीएफआर, एएलके अशा खुणा शोधतात. ईजीएफआरचा बिघाड धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त सापडतो, त्यातही आशियाई स्त्रियांत.

तुकडा काढणं अवघड असेल तर रक्त तपासता येतं, कारण मरणाऱ्या पेशींचा डीएनए त्यात उतरतो. ईजीएफआरच्या अशा चाचणीला अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. पण रक्तात खूण दिसली नाही म्हणजे बिघाड नाहीच, असं नव्हे. गाठीतून पुरेसा डीएनए सुटलेलाच नसेल, तर पुन्हा बायोप्सी करावी लागते.

आपल्याकडची अडचण याच्याही आधीची. एक्स-रेवरचा डाग पाहून अनेकदा क्षयाचीच औषधं सुरू होतात आणि त्यात महिने निघून जातात.