डोळे खोल गेले, म्हणजे नेमके काय गेले?

पर्युषणात आठ-आठ दिवस फक्त पाण्यावर राहिलेल्या माणसाला पाहून शिरपूर जैनला काय किंवा कारंजा लाडला काय, घरातल्या बायाबापड्या हेच म्हणतात : "डोळे किती खोल गेले गं बाई!" मग प्रश्न येतोच, डोळ्यांभोवतीची चरबी इतक्या लवकर झडते का?

नाही. सुरुवातीला वजनकाटा उतरतो तो बराचसा पाण्यामुळे. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असते. साठा संपला की तेही जाते. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, खाली चरबी जवळपास नाहीच. म्हणून पाण्याची चढउतार तिथे लगेच दिसते. रात्री खारट खाल्ले की सकाळी तीच जागा फुगते.

चरबी असते ती आत, खोबणीत, डोळ्याची गादी म्हणून. शरीर ही गादी सहजी मोडत नाही. वजन बरेच उतरले की ओसरतो तो गाल, आणि गाल बसला की डोळ्याखालचा खळगा उघडा पडतो. रोहरिख आणि पेसा या शल्यचिकित्सकांनी मृतदेहांच्या चेहऱ्यांत निळा रंग टोचून पाहिला होता. 2007 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : रंग सर्वत्र पसरत नाही, कप्प्यांत अडतो. वावरात बांध घालून वाफे पाडावेत, तशी ही रचना! तरीही हव्या त्याच वाफ्यातली चरबी चेहऱ्याच्या व्यायामाने काढून देण्याचा दावा मला पटत नाही. खालच्या पापणीच्या पिशव्याही वजन घटवून हमखास जात नाहीत; आतला पडदा सैल पडून गादी पुढे आलेली असते.

मला यात सर्वांत मोठा वाटतो तो प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस. खोल डोळे, बसलेली कानशिले, टोकदार नाक ही मरणाची खूण, असे त्याच्या नावावरच्या 'प्रॉग्नॉस्टिक' ग्रंथात आहे. एवढेच सगळे सांगतात. पुढचे वाक्य विसरले जाते : आधी रोग्याला विचारा, जागरण झाले का, जुलाब झाले का, उपास घडला का? तसे असेल तर धोका कमी समजा. एका दिवसरात्रीत उलगडा होईल.

पारणे झाल्यावर दोन-चार दिवसांत पाण्याचा खळगा भरून येतो. पण काही न करता चेहरा महिनोन्महिने उतरत असेल, तर साखर, थायरॉइड आणि क्षयरोगाची तपासणी करून घ्या. आणि जुलाब लागलेल्या लेकराचे डोळे खोल गेले, तर उद्यावर टाकू नका. ओआरएस पाजत त्याला लगेच दवाखान्यात न्या.