संस्कृतचे प्राध्यापक, रणजीचे कर्णधार

परीक्षा जवळ आली की घराघरांतली बॅट माळ्यावर जाते. सोलापूरच्या नवी पेठेतून हौसेने ती आणून देणारे वडीलच ती वर ठेवतात. अभ्यास आणि खेळ एका घरात नांदत नाहीत, अशी आपली पक्की समजूत. पण सोलापूरचे क्रिकेटपटू ज्या महाराष्ट्र संघातून रणजी खेळतात, त्या संघाला पहिला करंडक मिळवून दिला तो एका संस्कृतच्या प्राध्यापकाने!

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. त्या काळी क्रिकेटवर चूल पेटत नसे. काही खेळाडू संस्थानिकांच्या आश्रयाला गेले. देवधरांनी अध्यापन पत्करले. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवीत आणि मैदानही गाजवीत.

१९२६ मध्ये गिलिगनचा एमसीसी संघ भारतात आला. मुंबईच्या सामन्यात देवधरांनी १४८ धावा काढल्या. भारताचा पहिला कसोटी सामना मात्र उजाडला १९३२ मध्ये. तेव्हा देवधर चाळिशीचे होते. त्या संघात ते नव्हते, आणि पुढेही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही.

दुसरा एखादा तिथेच थांबला असता. देवधरांचा खरा बहर त्यानंतरचा. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. विजय हजारेंचे नाबाद ३१६ याच संघातले. पन्नाशीला टेकलेल्या कर्णधाराने बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा ठोकल्या आणि १९४४ मध्ये नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके झळकावली. १९११ मध्ये सुरू झालेली ही खेळी तीन दशकांहून अधिक काळ चालली.

ही चिकाटी आली कुठून? दर जूनला शिक्षकापुढे नवा वर्ग येतो आणि तो पुन्हा पहिल्या पाठापासून सुरुवात करतो. फलंदाजही प्रत्येक डावात शून्यावरूनच निघतो. गेल्या वर्षीचे यश दोघांनाही उपयोगी पडत नाही. देवधरांच्या घरातही खेळाला मज्जाव नव्हता. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये देशभर नाव कमावले.

१९९१ मध्ये पद्मभूषण मिळाले, २४ ऑगस्ट १९९३ रोजी वयाच्या एकशे एकाव्या वर्षी ते गेले. कसोटी न खेळलेल्या या माणसाच्या नावाने १९७३-७४ मध्ये देवधर करंडक सुरू झाला. पगार अध्यापनाने दिला, म्हणून खेळावर कुणाची मेहेरबानी राहिली नाही. पालकांनी निदान एवढा हिशेब तरी मांडून पाहावा.