मोटारसायकलला प्लग कोणता घालावा?



आपल्या कार्यक्रमात ऊस, डाळिंब, दुभती जनावरं यांच्याबद्दल नेहमीच बोलणं होतं. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेतीच्या बाहेरचा नाही. पळसदेव, भिगवण, इंदापूर या पट्ट्यात पहाटे रस्त्यावर उभं राहून पाहा. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारसायकली एकामागून एक जाताना दिसतील. उजनीच्या पाण्यावरच्या मोटारी बघायला जायचं, खताचं पोतं आणायचं, तर गाडी लागतेच. ही गाडी ऐन वेळी बंद पडली आणि दूध उन्हात राहिलं, तर नासायला फार वेळ लागत नाही. गाडी बंद पडण्यामागे पुष्कळदा बोटाएवढी एक वस्तू असते. ती म्हणजे स्पार्क प्लग.

मी कृषीचा पदवीधर, यंत्राचा नव्हे. पण एका चुकीने मला हा विषय शिकवला. काही वर्षांपूर्वी पळसदेवला ऊस प्रात्यक्षिकासाठी निघालो असताना वाटेत गाडी बंद पडली. रस्त्याकडेच्या एका टपरीवर नवा प्लग मिळाला. "आटे बसतात ना, मग बसला प्लग," असं तिथं सांगितलं, आणि मीही मान डोलावली. गाडी सुरू झाली, पण ओढ कमी. तशीच पाच-सहा महिने चालवली. पुढे योग्य प्लग आणून बसवू लागलो, तर तो अर्ध्यातच अडकला. पान्याने जोर लावला आणि हेडमधले आटे गेले. हेड खोलून लेथवर नवे आटे बसवून घ्यावे लागले. प्लगच्या किमतीच्या कित्येक पट पैसे गेले आणि ऐन लागणीच्या हंगामात गाडी दारात पडून राहिली.

चूक कुठं झाली? पहिला प्लग जाडीला बरोबर होता, पण लांबीला आखूड होता. हेडमधले खालचे आटे उघडे राहिले आणि त्यांत काजळी भरली. मग लांब प्लग आत जाणार कसा?

प्लग घेताना तीन मापं पाहा

पहिलं माप आट्यांच्या जाडीचं. जुन्या राजदूत, बुलेट या गाड्यांना १४ मिलिमीटरचा जाड प्लग असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि छोट्या फोर-स्ट्रोक गाड्यांबरोबर १० मिलिमीटरचा बारीक प्लग गावोगाव पोचला. काही गाड्यांना १२ मिलिमीटरचाही असतो. जाडी चुकली तर प्लग बसतच नाही, म्हणून इथं सहसा फसगत होत नाही.

दुसरं माप आट्यांच्या लांबीचं. खरी फसगत इथं होते. साधारणपणे १२.७ आणि १९ मिलिमीटर या दोन लांब्या जास्त आढळतात. आखूड घातला तर माझ्यासारखं होतं. लांब घातला तर त्याहून वाईट. प्लगचं टोक आत येऊन पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला ठोकतं आणि इंजिनच जातं. पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाला बऱ्याचदा ९.५ मिलिमीटरचाच आखूड प्लग असतो. त्याला मोटारसायकलचा जुना प्लग लावून बघण्याचा मोह टाळावा.

तिसरं माप उष्णतेचं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जरा समजून घेऊ.

गरम प्लग, थंड प्लग

इंजिनात जाळ झाला की प्लगचं टोक तापतं. ही उष्णता आट्यांतून हेडमध्ये उतरते. जमिनीतल्या पाण्याच्या निचऱ्यासारखंच हे आहे. मुरमाड जमिनीतून पाणी लगेच निघून जातं, काळ्या चोपण रानात ते साचून राहतं. ज्या प्लगमध्ये टोकाजवळचा चिनी मातीचा भाग आखूड असतो, त्याची उष्णता लवकर निघून जाते. तो थंड प्लग. ज्यात हा भाग लांब असतो, त्याची उष्णता सावकाश निघते. तो गरम प्लग.

रानाला निचरा जसा बेताचा हवा, तसंच इथंही आहे. टोक सुमारे ४५० अंशांच्या वर तापलं पाहिजे, म्हणजे त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. त्याहून थंड राहिलं तर काजळी साचते आणि ठिणगी पडत नाही. उलट ८५० ते ९०० अंशांच्या वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होतं. मग ठिणगी पडण्याआधीच पेट्रोल पेटतं, इंजिन ठोकू लागतं आणि शेवटी पिस्टनला भोक पडू शकतं.

हा गरम-थंडपणा प्लगवरच्या आकड्यात असतो. पण सावधान! एन.जी.के. कंपनीच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशच्या आजच्या प्लगवर आणि चॅम्पियनच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. तेव्हा एका कंपनीचा ७ आणि दुसऱ्या कंपनीचा ७ सारखे समजू नका. कंपनी बदलायचीच असेल तर दुकानात जुळणीचा तक्ता बघायला मागा. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला मायकोचा प्लग म्हणतात, ती १९५१ साली स्थापन झालेली बंगळूरची कंपनी २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते.

प्लगवरची अक्षरं वाचा

एन.जी.के.चा 'बीपीआर६एचएस' हा प्लग उदाहरणाला घेऊ. 'बी' म्हणजे जाडी १४ मिलिमीटर. तिथं 'सी' असतं तर १० आणि 'डी' असतं तर १२. 'पी' म्हणजे टोक पुढे आलेलं. '६' हा उष्णतेचा आकडा. 'एच' म्हणजे लांबी १२.७ मिलिमीटर, 'ई' असतं तर १९.

मधला 'आर' विसरू नका. दारावरून गाडी गेली की रेडिओ खरखरतो, हा अनुभव आपल्या श्रोत्यांना असेलच. ठिणगीमुळे विजेच्या लहरी उठतात, त्याची ती खरखर. 'आर' असलेल्या प्लगमध्ये ती दाबणारा रोधक बसवलेला असतो. एप्रिल २०२० पासून आलेल्या बी.एस.-६ गाड्यांत पेट्रोल बहुतेक इंजेक्शनने जातं आणि ते एक छोटा संगणक ठरवतो. बिन-'आर'चा प्लग त्या संगणकालाही गोंधळात टाकू शकतो. पुस्तिकेत 'आर' असेल तर 'आर'चाच घ्यावा.

आपल्याच जिल्ह्यातल्या बजाजच्या पल्सर गाडीला २००३ पासून दोन प्लगचं इंजिन आलं. अशा गाडीचे दोन्ही प्लग एकदमच बदलावेत.

जुना प्लग काय सांगतो?

पान पाहून पिकाचा रोग ओळखतो, तसा प्लग काढून इंजिनाची तब्येत कळते.

फिकट तपकिरी टोक : सर्व ठीक.
कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा. उसाच्या तोडीत रस्त्यावरची धूळ त्यात भरते.
ओलसर, तेलकट काळं : ऑइल वर चढतंय. रिंगा तपासून घ्या.
पांढरं, फोड आल्यासारखं : इंजिन जास्त तापतंय किंवा प्लग जरुरीपेक्षा गरम आहे. गाडी तशीच दामटू नका.

कॅन लावून बांधावरून सावकाश चालणाऱ्या गाडीत काजळी लवकर धरते. म्हणून कोणी "एक नंबर गरम प्लग टाका" असा सल्ला देतात. पण तीच गाडी तुम्ही वैशाखाच्या उन्हात हायवेने सोलापूरला नेलीत तर? तेव्हा आधी फिल्टर, चोक आणि कार्बोरेटर पाहा. उष्णतेचा आकडा मात्र पुस्तिकेतलाच ठेवा.

बसवताना

१. इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढा. आधी भोवतालची माती फुंकून साफ करा, नाहीतर ती आत पडते.
२. फट गेजने मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांना ती ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते, पण नेमकं माप आपल्या पुस्तिकेतलं. इरिडियमच्या प्लगला तारेचा ब्रश लावू नका.
३. नवा प्लग जुन्याशेजारी धरून लांबी पडताळा.
४. आधी हातानेच फिरवून पूर्ण बसवा. हाताने अडला तर थांबा, काढा आणि आटे पाहा. शेवटी पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच पान्याने आवळा. सैल राहिला तर उष्णता उतरत नाही, फार आवळला तर आटे जातात.

एक सोपी गोष्ट आजच करा. गाडीच्या पुस्तिकेतला प्लगचा पूर्ण नंबर कागदावर लिहून सीटखाली ठेवा, आणि त्याच नंबरचा एक जादा प्लग फडक्यात गुंडाळून त्याशेजारी. मग रस्त्यात गाडी अडली तरी दुकानदाराच्या हाती येईल तो प्लग घ्यावा लागणार नाही आणि दूध वेळेवर डेअरीत पोचेल.

आपल्या काही शंका असतील तर कार्यक्रमाकडे जरूर लिहून पाठवा. पत्रात गाडीचं नाव, तिचं साल आणि जुन्या प्लगवरचा नंबर लिहायला विसरू नका.

रामराम.