आज्ञावली-संपादक

संगणकाची आज्ञावली लिहिणे, तपासणे व दुरुस्त करणे यांसाठी वापरावयाच्या साधनास आज्ञावली-संपादक किंवा कोड एडिटर म्हणतात. तो आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करीत नाही. ते काम वेगळ्या अनुवादकाचे असते.

संपादकाचे कार्य सोलापुरी चादरीच्या नक्षीवरून चांगले समजते. पत्त्यांच्या जकार्ड मागासाठी नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर रंगवितात. त्यातील उभा रकाना ताण्याच्या धाग्यांचा, तर आडवी ओळ बाण्याच्या एका फेरीची असते. ओळीप्रमाणे पत्त्यावर छिद्रे पाडतात. छिद्र असेल तेथील ताण्याचे धागे वर उचलले जातात. एक छिद्र चुकल्यास ती चूक त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीत उमटते. कागदावर तीच चूक एक चौकट पुसून सुधारता आली असती. आज्ञावलीच्या बाबतीत या कागदाचे स्थान संपादकाचे आहे.

म्हणून निवड करताना देखाव्यापेक्षा चूक किती आधी दृष्टीस पडते, हे पाहावे. बिल जॉय यांचा व्हीआय (१९७६) व ब्राम मोलेनार यांचा व्हिम (१९९१) हे केवळ कळफलकावर चालतात व अल्प क्षमतेच्या संगणकासही पेलतात. मात्र त्यांची रीत अंगवळणी पडण्यास वेळ लागतो. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड (२०१५) नवशिक्यास सुलभ आहे. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (२०१६) या संकेतामुळे एकच तपासनीस अनेक संपादकांना जोडता येऊ लागला. त्यामुळे निवडीपेक्षा मांडणीस अधिक महत्त्व आले आहे.

पायथन भाषेत ओळीपूर्वीच्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो. टॅब व स्पेस पडद्यावर सारखेच दिसतात, पण त्यांची सरमिसळ झाल्यास आज्ञावली अडते. यासाठी अदृश्य चिन्हे दिसतील अशी योजना करावी आणि ही मांडणी प्रकल्पाच्याच फाइलीत ठेवावी, म्हणजे सर्व सहकाऱ्यांना ती सारखी मिळते.

मराठी मजकुराची अडचण निराळी आहे. ‘सोलापूर’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे सात व यूटीएफ-८ संकेतनात बाइट २१ होतात. प्रत्येक चिन्हास एक चौकट असे गृहीत धरणाऱ्या संपादकात मात्रा सुटी पडते व कर्सर भलत्याच जागी दिसतो. मराठी संदेश असलेली आज्ञावली लिहावयाची असल्यास असा एखादा शब्द लिहून, खोडून व शोधून संपादकाची परीक्षा घ्यावी. संकेतन यूटीएफ-८ हेच ठरवून ठेवावे. फाइल चुकीच्या संकेतनात उघडून तशीच साठविल्यास मूळ अक्षरे पुष्कळदा परत मिळत नाहीत.