मनगटावरचा आठवडा

२०२५ साली ३ ऑगस्टला रविवार होता. तमिळ पंचांगात तो आडी महिन्याचा अठरावा दिवस, म्हणजे आडिप्पेरुक्कु. आणि ऑगस्टचा पहिला रविवार म्हणून कॉलेजच्या पोरापोरींचा फ्रेंडशिप डे. त्या दिवशी चेन्नईत एकाच घरात आईने हळदीचा पिवळा दोरा बांधून घेतलेला आणि मुलीच्या हातात कोपरापर्यंत रंगीत पट्टे, असं दृश्य दिसत होतं. पाच दिवसांनी, ८ तारखेच्या शुक्रवारी, वरलक्ष्मी व्रत आलं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. सौकारपेटेतल्या मिंट स्ट्रीटवर राख्या आणि मैलापूरला आवणि अविट्टम, म्हणजे जानवं बदलण्याचा दिवस. सात दिवसांत एका शहराने इतक्या तऱ्हेचे दोरे बांधले आणि कुणाला त्याचं काही नवल वाटलं नाही.

मला वाटलं, कारण मी गाठी मोजत बसले होते.

व्रताच्या दोऱ्याला तमिळमध्ये 'नोंबु सरडु' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द पहिल्यांदा ऐकताना कुंपणावरचा सरडा आठवतो. माझी इथल्या पहिल्या वर्षी चांगलीच फजिती झाली होती. दुसरा शब्द 'काप्पु'. काप्पु म्हणजे कडं आणि काप्पु म्हणजे रक्षणही. गावदेवीच्या जत्रेची सुरुवात होते ती 'काप्पु कट्टु'ने, म्हणजे हळकुंड बांधलेला दोरा मनगटावर आला की. गर्भारशीला बांगड्या भरतात तो सोहळा 'वळैकाप्पु', आपलं डोहाळजेवण. आपल्याकडे 'राखी'त रक्षण आहे, पण त्यासाठी मुळाकडे जावं लागतं. तमिळमध्ये दागिना आणि त्याचं काम यांना शब्दच एक.

या सगळ्या दोऱ्यांत माझा जीव जडलाय तो कारडैयान नोंबुच्या दोऱ्यावर. मार्चच्या मध्यात मासी महिना संपून पंगुनी लागतो, त्या सांध्यावर हे व्रत असतं. सांधा म्हणजे सांधाच. तो पहाटे तीनला आला तर पहाटे तीनला उठून दोरा बांधायचा. कथा सावित्रीची, आपल्या वटपौर्णिमेचीच. पण आपण सूत वडाला गुंडाळून घरी येतो, इथे ते स्वतःलाच बांधून घेतात. साहित्य सगळं स्वयंपाकघरातलं: पांढरं सूत, उगाळलेली हळद, दोऱ्यात गाठ मारून बसवलेलं हळकुंड किंवा एखादं फूल. नैवेद्याला तांदळाच्या पिठाच्या, चवळी घातलेल्या अडै, गोड आणि तिखटमिठाच्या, वर लोण्याचा गोळा. मासीत बांधलेल्या दोऱ्यावर शेवाळ धरतं, अशी म्हण आहे; तो तितका टिकतो, असं तिला म्हणायचंय. आमच्या शेजारच्या मामी मात्र म्हणतात, "शेवाळ कुठलं, साबण लागला की लाल होतो!" खरंच होतो. हळद क्षारात लाल होते. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. उन्हात तीच हळद विटते. म्हणून एप्रिलअखेर मामींच्या दोऱ्यावर पिवळा, लाल आणि मळका पांढरा असे तिन्ही रंग असतात आणि तो आधीपेक्षा देखणा दिसतो.

आता मोजणीकडे. वरलक्ष्मीच्या दोऱ्याला नऊ गाठी. आपल्या अनंताच्या दोऱ्याला चौदा. २०२५ साली अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. ज्येष्ठागौरींच्या दोऱ्याला सोळा. तिसऱ्या दिवशी, विसर्जनाआधी, हळद लावलेल्या सुतात झेंडूचं पान, रेशमाचा धागा, भोपळ्याचं फूल, बेल, सुकामेवा असं एकेक घालत गाठी पाडतात. घरातल्या जिनसांपासून गाठींचं कंकण करण्याची याहून नेमकी रीत मला तरी माहीत नाही. नारळी पौर्णिमेचं पोवतंही घरच्या सुताचंच असायचं. राखीच्या झगमगाटात ते मागे पडलं. चेन्नईतल्या मराठी घरांत या सगळ्याची सरमिसळ होणारच. इथे तंजावरहून आलेली मराठी घराणी आहेत. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तिथे राज्य मांडलं, ते १८५५पर्यंत चाललं आणि भाषा अजून चालते आहे. पुढे विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगले, ते तमिळनाडूतही आले. नोकरीनिमित्त आलेले आमच्यासारखे सर्वांत उशिरा. गौरीच्या सोळा आणि वरलक्ष्मीच्या नऊ, दोन्ही गाठी एकाच देवघरात, हे काही मोठं आक्रीत नाही.

गाठी का मोजायच्या, याचं धार्मिक उत्तर वेगवेगळं मिळतं. मला पटतं ते साधं: मोजताना हात थांबतो. दक्षिण अमेरिकेतले इंका लोक दोऱ्यांवर गाठी मारून हिशेब ठेवत. त्या गाठींच्या जुडग्याला किपू म्हणतात. गाठ बोटांना डोळे मिटूनही वाचता येते, लिहिलेला आकडा येत नाही.

देशी औषधांच्या दुकानात, 'नाट्टु मरुंदु' अशी पाटी असते तिथे, वेखंडाचे तुकडे दोऱ्यात ओवलेलं बाळाचं कंकण मिळतं. वेखंड म्हणजे वसंबु. त्याचं दुसरं नाव 'पिळ्ळै वळर्प्पान', मूल वाढवणारा; आणि तिसरं 'नाव न घ्यायचं औषध', कारण रात्री त्याचं नाव उच्चारू नये असा संकेत. बाळ हातातली वस्तू तोंडात घालणारच आणि वेखंड पोटात जाणं तान्ह्यासाठी चांगलं नाही, असं डॉक्टर सांगतात. तेव्हा बाळाला हे कंकण घालायचंच असेल तर माझं मत डॉक्टरांच्या बाजूने.

व्रतं बाजूला ठेवली, तरी गाठींत या प्रांताचा हात धरणारं कुणी नाही, आणि त्याचा पुरावा भाजी आणायच्या पिशवीत आहे. 'वायर कूडै', प्लॅस्टिकच्या रंगीत वायरची गाठी मारून विणलेली टोपली. चेन्नईत दुधाला, भाजीला, शाळेच्या डब्याला ती असतेच. तिच्या गाठींना नावं आहेत: एक 'शिवन कण', शंकराचा डोळा, एक 'नेल्लिक्काय', आवळा. आवळागाठ खरोखर आवळ्यासारखी फुगीर, पाकळ्या पडलेली दिसते. टोपली संपता संपता वीतभर वायरी उरतात, त्या फेकवत नाहीत. मग त्यांच्या किल्ल्यांच्या साखळ्या होतात, घरात लहान मूल असेल तर मनगटातलं कडं होतं. वायर निसरडी असते. पहिली गाठ सैल राहिली की पुढचं सगळं वाकडं. सुतासारखी ती चूक पोटात घालत नाही.

फ्रेंडशिप बँडची गाठ त्यामानाने सोपी. ताणलेल्या दोऱ्यावर दुसरा दोरा आडवा टाकायचा, आकार इंग्रजी चारसारखा होतो. मग टोक खालून वर काढून ओढायचं. (आपला ४ तर स्वतःच दोऱ्याची अढी आहे, पण पुस्तकं इंग्रजी.) हेच त्याच दोऱ्यावर पुन्हा एकदा. दोनदा केलं तर गाठ बसते, एकदाच केलं तर सरकते. नवशिक्यांचे निम्मे पट्टे इथेच बिघडतात. मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळाबाहेर मोगरा गुंफणाऱ्या बायका सुईशिवाय असाच वेढा टाकतात: दोन फुलं इकडे, दोन तिकडे, देठांवर वेढा, तो त्याच्याच खालून ओढलेला. दोरा पूर्वी केळीच्या सोपाचा, आता बहुधा सुताचा. माप 'मुळम', कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आपला हात. आपल्याकडचा पटवेकरी धागा पायाच्या अंगठ्याला अडकवून बसायचा. आताच्या मुली तो सेफ्टीपिनेने उशीला टोचतात. अंगठा कधी हरवत नाही, एवढाच फरक.

सामानाचं म्हणाल तर विकत आणण्यासारखं फार काही नाही. भरतकामाच्या डब्यात अँकरच्या लडी असतातच. एका लडीत आठ मीटर दोरा, सहा पदरी. ही लडी बनवणाऱ्या मदुरा कोट्सच्या नावातच मदुराई आहे, म्हणजे पुण्यातल्या आजीचा डबाही मुळात तमिळ देशातून भरलेला. जुना बनियन आडवा कापून पट्ट्या काढा आणि ओढा. कडा आपोआप आत वळून गोल दोरी होते. केळीचा सोप पाण्यात भिजवून घ्यावा लागतो, कोरडा तुटतो. दुधाच्या पिशव्या धुऊन, गोल गोल कापून एकसलग फीत काढता येते. इथल्या आविन दुधाच्या निळ्या आणि हिरव्या पिशव्यांचा मी एकदा पट्टा केला; रंग झकास आला, पण दमट हवेत मनगटाला घामाने चिकटला आणि सकाळच्या दुधाचा वास काही जाईना. सुतळी टोचते. चेन्नईत ऑगस्टमध्ये मनगटावर सूतच बरं, ओलं झालं की गाठ आवळते.

एक तक्रार मात्र आहे. व्रताचे दोरे आता प्लॅस्टिकच्या पुडीत तयार मिळतात. गाठी मशीनसारख्या एकसारख्या, मध्ये चमकीचं फूल डिंकाने चिकटवलेलं, सूत बहुतेकदा नायलॉनचं आणि पिवळा रंग हळदीचा नव्हे. त्या वर्षी मी आणलेल्या वरलक्ष्मीच्या पुडीत गाठी आठच निघाल्या. मामींनी शांतपणे चष्मा लावला, नववी गाठ स्वतः मारली आणि म्हणाल्या, "एवढी एकच तेवढी खरी." मला त्यांचं म्हणणं पटतं. फ्रेंडशिप बँडवाल्या मुली नकळत हीच बाजू घेतात: विकतचा पट्टा वर्गातल्या सगळ्यांना वाटतात, हाताने केलेला एकीलाच देतात.

हाताने करून पाहायचं असेल, तर घरातले मिठाईचे रिकामे खोके शोधा. त्यातल्या एकाच्या पुठ्ठ्याची तळहाताएवढी चकती कापा, मधोमध पेन जाईल एवढं भोक पाडा आणि कडेला सारख्या अंतरावर आठ खाचा द्या. हातभर लांबीचे सात दोरे एकत्र गाठवून गाठ भोकातून खाली सोडा आणि एकेक दोरा एकेका खाचेत अडकवा. एक खाच रिकामी राहील. तिच्यापासून मोजून तिसरा दोरा उचला, मधल्या दोन दोऱ्यांवरून आणून रिकाम्या खाचेत घाला. मग नवी रिकामी खाच समोर येईल अशी चकती फिरवा आणि पुन्हा तेच. मोजायची दिशा मात्र बदलू नका. अर्ध्या तासात चकतीखाली गोल गोफ उतरू लागेल. टोकाला गाठी किती मारायच्या, ते तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे.