मर्चंट, शिवलकर आणि आपला विदर्भ

समजा ऑगस्ट महिना आहे आणि तुम्ही हेमलकशाला आहात. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. पर्लकोटा नदी फुगली आहे, भामरागडचा पूल पाण्याखाली गेला आहे, आलापल्लीच्या वाटेवरचे नालेही भरून वाहताहेत. एसटी बंद, वीज गेलेली, मैदानात घोटाभर चिखल. आणि तुम्हाला तर क्रिकेट खेळायचंच आहे!

मग खेळा की! दोन फासे, एक वही आणि एक पेन्सिल एवढं पुरे. फासे नसतील तर १ ते ६ आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या दोन डब्यांत टाका आणि प्रत्येक डब्यातून एकेक उचला. (उचललेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची बरं का, नाहीतर सगळा हिशेब बिघडेल.) आणि मॅच अशी खेळू या की जी खऱ्या मैदानावर कधीच होऊ शकणार नाही.

संघ तीन. पहिला, १९४५ सालची विजय मर्चंटची मुंबई. दुसरा, १९७३ सालची मुंबई. या मुंबईने त्या वर्षी रणजी करंडक सलग पंधराव्यांदा जिंकला होता. (त्याच वर्षी बाबा आमट्यांनी हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला.) आणि तिसरा संघ आपला, विदर्भाचा! फैज फजलच्या या संघाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. गडचिरोली जिल्हा विदर्भातच येतो, तेव्हा हेमलकशाच्या मुलांचा संघ कोणता, हे वेगळं सांगायला नको. मुंबईकडे तब्बल ४२ विजेतेपदं आहेत. विदर्भाकडे, २०२५ चं धरून, तीन. मग विदर्भ हरणारच, असं म्हणून वही मिटायची का?

थांबा. आधी बुक क्रिकेट आठवा. पुस्तक उघडायचं, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा बघायचा. २, ४, ६, ८ म्हणजे तेवढ्या धावा आणि ० आला की बाद. सगळ्यांनी कधी ना कधी वर्गात खेळलेला खेळ! पण त्यात एक मोठी खोट आहे. शून्य येण्याची शक्यता पाचात एक. म्हणजे सरासरी चार वेळा धावा आणि पाचव्यांदा बाद. चार वेळच्या धावा २+४+६+८, म्हणजे २०. सुनील गावसकर खेळो की अकराव्या क्रमांकाचा गोलंदाज, प्रत्येकाची सरासरी वीस! पुस्तकाला काय कळतं, कोण खेळतंय ते?

ही खोट अमेरिकेत हाल रिचमन नावाच्या माणसाने काढून टाकली. तिकडे क्रिकेट नाही, बेसबॉल. रिचमनने प्रत्येक खेळाडूचं वेगळं कार्ड बनवलं. त्यावर त्याच्या खऱ्या कामगिरीवरून काढलेले आकडे, आणि सोबत फासे. १९६१ पासून हा खेळ विकला जाऊ लागला आणि पोरं घरबसल्या वेगवेगळ्या काळांतले संघ एकमेकांशी लढवू लागली.

पण कार्ड बनवणारा चुकला तर? किंवा मुद्दामच चुकला तर? १९७० साली अमेरिकेत एक चित्रपट आला. त्यात मुष्टियोद्धे महंमद अली आणि रॉकी मार्सियानो यांची लढत होती. दोघांचा उमेदीचा काळ वेगळा, खरी लढत कधी झालेलीच नव्हती. दोघांनी कॅमेऱ्यासमोर लढण्याचा अभिनय केला. निकाल कॉम्प्युटरने लावला, असं जाहीर झालं. अमेरिकेत मार्सियानो जिंकला. युरोपात दाखवलेल्या एका प्रतीत मात्र अली जिंकला! आता बोला! तेव्हा लक्षात ठेवा, असल्या खेळात सगळी मेख तक्त्यात असते. तक्ता ज्याने केला, निकाल त्याच्या हातात.

म्हणून आपला तक्ता नीट करू या. तीन खरे अंतिम सामने घेऊ.

१९४४-४५, ब्रेबॉर्न स्टेडियम. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर संघ ३६० आणि ४९२. मर्चंटने २७८ धावा केल्या, तर होळकरांकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिला. एकूण धावा २,०७८, गडी ४०. म्हणजे एका गड्यामागे जवळजवळ ५२ धावा.

१९७२-७३, चेपॉक, मद्रास. मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. पद्माकर शिवलकरने आधी १६ धावांत ८ आणि नंतर १८ धावांत ५ गडी टिपले. (एवढं करूनही हा माणूस भारतासाठी एकही कसोटी खेळला नाही!) चेंडू असा वळत होता की चारही डाव मिळून फक्त ४०५ धावा झाल्या. एका गड्यामागे दहा.

२०१८-१९, नागपूरजवळचं जामठा. विदर्भ ३१२ आणि २००, सौराष्ट्र ३०७ आणि १२७. आदित्य सरवटेने सामन्यात ११ गडी घेतले. एका गड्यामागे साधारण २४.

आता गंमत बघा. मर्चंटच्या २७८ म्हणजे त्या सामन्यातल्या गड्यामागच्या धावांच्या सव्वापाच पटींहून थोड्या जास्त. त्याच हिशेबाने चेपॉकवर तेवढीच मोठी खेळी किती धावांची? फक्त ५४! आणि जामठ्याला १२७. नुसते आकडे शेजारी ठेवले तर २७८ पुढे ५४ बिचारी वाटते. पण ज्या खेळपट्टीवर इतरांचं काय झालं, ते विचारल्याशिवाय धावा मोजायच्या नाहीत, हा आपला पहिला नियम.

तेव्हा असं करा. खेळाडूची सरासरी घ्या. त्याच्या काळात एका गड्यामागे किती धावा व्हायच्या, त्याने तिला भागा. मग ३० ने गुणा. रणजी सामन्यांत मर्चंटची सरासरी ९८.७५ होती. ५२ ने भागून ३० ने गुणली की येतात ५७. (एका सामन्यावरून सगळा काळ ठरत नाही. जितके जास्त धावफलक मिळवाल, तितका तक्ता खरा होईल. घरातल्या मोठ्यांना कामाला लावा!)

या नव्या सरासरीवरून प्रत्येकाला एक ‘बाद-आकडा’ द्या. ८५ च्या आसपास असेल तर ३, ५५ ला ४, ४० ला ५, ३१ ला ६ आणि २५ ला ७. शेपटाच्या फलंदाजांना ६ आणि ७ दोन्ही. दान टाका. दोन फाशांची बेरीज बाद-आकड्याइतकी आली की गडी बाद. नाही आली तर पुन्हा दान टाका आणि बेरजेतून दोन वजा करा, तेवढ्या धावा. हे एक दान म्हणजे एक चेंडू नव्हे, षटक-दोन षटकांचा खेळ समजा.

हे आकडे आले कुठून? बेरीज ४ ही ३६ पैकी तीनच प्रकारे येते. उरलेल्या ३३ वेळा सरासरी पाच धावा, म्हणजे १६५. भागिले तीन, ५५. बाकीचे आकडे तुम्ही करून बघा. गणिताच्या सरांना दाखवायलाही हरकत नाही.

गोलंदाजांचं काय? प्रत्येक संघाने आपला एक हुकमी गोलंदाज निवडायचा. एका डावात वीस दानं तो टाकेल आणि तेवढा वेळ समोरच्याचा बाद-आकडा एक पायरी वर सरकेल, ४ चा ५, ५ चा ६. मुंबईकडून शिवलकर. विदर्भाकडून रजनीश गुरबानी. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅटट्रिक. पहिली कुठली माहीत आहे? वर सांगितलेल्या चेपॉकच्या सामन्यातली, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची.

चौथा संघ करायचा असेल तर आणखी मागे जा, बाळू पालवणकरच्या काळात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने शंभरावर बळी घेतले. तेव्हा रणजी करंडक नव्हता, मुंबईत धर्मावरून संघ पडायचे. हिंदू संघाचा सर्वांत चांगला गोलंदाज बाळू, पण दलित म्हणून त्याला पुण्यात चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. आणि संघाचं कर्णधारपद त्याला कधीच दिलं गेलं नाही. तुमच्या वहीत कर्णधाराच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं, ते तुम्ही ठरवा.

एकाच मॅचवर निकाल लावू नका, निदान सात खेळा. दान एखाद्या दिवशी कुणालाही हसवतं आणि कुणालाही रडवतं.

आणि एक भांडण आधीच मिटवून ठेवा. वसीम जाफर मुंबईचा मोठा फलंदाज. पण २०१८-१९ साली त्याने हजारावर धावा काढल्या त्या विदर्भासाठी. शिवाय विदर्भाचा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तोही मुंबईचाच. उलट १९४५ साली मुंबईविरुद्ध होळकरांचा कर्णधार होता सी. के. नायडू, आणि तो जन्मला होता नागपुरात! मग जाफर कुणाचा आणि नायडू कुणाचा? पहिलं दान टाकण्याआधी नाणं उडवा.