पाडव्याची वाट पाहू नका

उन्हाळी भाजी गुढीपाडव्याला लावायची, असा पुष्कळ परसबागांचा शिरस्ता आहे. पिंपळगाव बसवंतला तो महागात पडतो. पाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलमध्ये येतो आणि पेरलेल्या भेंडीला पहिलं फूल यायला साधारण दीड महिना लागतो. म्हणजे कोवळी भेंडी नेमकी मे महिन्याच्या उन्हात सापडणार. टोमॅटोचं तर त्याहून अवघड: दिवसाचा पारा 35 अंशांपुढे टिकला की फुलं गळतात, झाड हिरवंगार दिसतं, फळ मात्र धरत नाही. टोमॅटोच्या बाजारपेठेचं हे गाव; इथल्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा लावणी फेब्रुवारीतच उरकावी.

यावर आक्षेप येतो तो थंडीचा, आणि तो खोटा नाही. पिंपळगाव ज्या निफाड तालुक्यात आहे, तिथली थंडी राज्यात प्रसिद्ध. गार मातीत भेंडीचं बी उगवण्याआधीच कुजतं. पण त्यासाठी महिनाभर थांबायचं कारण नाही. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवावं. पांढरा कोंब डोकावला की पेरावं. दुसरा आक्षेप पाण्याचा. काळी जमीन तापली की भेगाळते आणि ओल त्या भेगांतूनच उडते. म्हणून वाफ्यावर दोन-तीन बोटं जाडीचा पालापाचोळा अंथरा, पाणी सकाळी द्या. कोकणातल्या दमट हवेत हाच थर बुंध्याला चिकटला तर बुरशी धरते. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात ती भीती कमी. तरी खोडाभोवती चार बोटं जागा मोकळीच ठेवा.